विधेयक सभागृहात आहे: नागपुरातल्या नागरिक गटाने सूचना कुणाकडे आणि कशी द्यावी?

त्रिमूर्तीनगर_रहिवासी

नमस्कार. आमचा वीस-पंचवीस कुटुंबांचा नागरिक गट आहे. राज्याच्या एका कायद्यात बदल करणारे विधेयक विधानसभेत पुरःस्थापित झाले आहे, म्हणजे मांडले गेले आहे. त्यातल्या दोन तरतुदींचा आमच्या वस्तीला थेट त्रास होणार आहे. विषय मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा लगेच पक्षांच्या वादात जातो. मला पद्धत समजून घ्यायची आहे.

वर्तमानपत्रात आलेला मजकूर आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ यांत फरक आहे, मग खरी प्रत कोणती मानायची? निवेदन मुख्यमंत्र्यांना द्यावे, खात्याच्या मंत्र्यांना की आपल्या आमदारांना? अधिवेशन नागपुरात असताना मोर्चा काढावा की भेटी घ्याव्यात? सह्यांची मोहीम सुरू आहे, चारशेच्या आसपास सह्या झाल्या आहेत. त्यांचा नेमका उपयोग काय? आणि मुख्य म्हणजे ‘आमचा विरोध आहे’ याच्या पुढे काय लिहायचे, ते कळत नाही.

खंडवार

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिथेच बहुतेक निवेदने वाया जातात.

आधी प्रत मिळवा. पुरःस्थापित झालेले विधेयक राजपत्रात प्रसिद्ध होते आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही येते. त्यावर वर्ष आणि विधानसभा किंवा विधानपरिषद विधेयक क्रमांक असतो. इंग्रजी प्रतीवर तोच क्रमांक रोमन आकड्यांत असतो, तेव्हा शोधताना गोंधळू नका. ज्या प्रतीवर क्रमांक नाही ती मंत्रिमंडळासमोरचा जुना मसुदा असू शकते किंवा कुणीतरी केलेला गोषवारा. त्यावर एक ओळही लिहू नका. मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून वाचा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजी पाठालाही अधिकृत मान्यता आहे आणि उद्या वाद उच्च न्यायालयात गेला तर तो पाठ उघडला जातोच.

वाचायला सुरुवात मात्र शेवटच्या पानांपासून करा. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ यात सरकार हा बदल का करते आहे ते लिहिलेले असते. तुमचे म्हणणे या निवेदनाच्या भाषेत बसवता आले तर मंत्र्यांना ते मान्य करणे सोपे जाते. त्यानंतर ‘वित्तीय ज्ञापन’ आणि ‘प्रत्यायुक्त विधानासंबंधीचे ज्ञापन’ येते. हे दुसरे ज्ञापन सहसा कुणी वाचत नाही, पण कोणत्या खंडाने सरकारला नियम किंवा अधिसूचना काढायचा अधिकार दिला आहे, ते त्यात खंडवार मांडलेले असते. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ अधिनियमातले उतारेही जोडलेले असतात. नवे शब्द त्या जुन्या मजकुरात पेन्सिलने बसवून पाहिल्याशिवाय खंडाचा अर्थ लागत नाही.

शब्दांकडे लक्ष द्या. विधेयकात असतो तो ‘खंड’, मूळ कायद्यात असते ते ‘कलम’. विधेयकाच्या खंड ४ ने मूळ कायद्याचे कलम ११ बदलत असेल आणि तुम्ही ‘कलम ४ ला विरोध’ असे लिहिलेत, तर वाचणारा भलत्याच पानावर जाईल. ‘करील’ म्हणजे बंधन, ‘करू शकेल’ म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ याचा अर्थ असा की खरी गोष्ट नंतर नियमांत ठरणार आहे. ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी सुरुवात दिसली तर हा खंड दुसऱ्या कोणत्या तरतुदींवर मात करतो ते शोधा.

आता एक नमुना. हा केवळ उदाहरणादाखल आहे, कोणत्याही चालू विधेयकातला नाही. समजा खंड ५ असा आहे:

‘मूळ अधिनियमाच्या कलम ८ मधील पोट-कलम (३) मध्ये, “सात दिवसांच्या” या मजकुराऐवजी, “तीन दिवसांच्या” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’

म्हणजे नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला सातऐवजी तीनच दिवस. यावर नेहमीचे निवेदन असते: ‘नागरिकांचा आवाज दाबणारी ही तरतूद त्वरित रद्द करावी.’ भावना खरी आहे, पण त्या कागदाचे पुढे काय करायचे हे आमदारांना कळत नाही. त्याऐवजी असे लिहा:

‘खंड ५ मध्ये, “तीन दिवसांच्या” या मजकुराऐवजी “पंधरा दिवसांच्या” हा मजकूर दाखल करण्यात यावा. कारण: राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी लागलेल्या नोटिशीची मुदत शनिवार आणि रविवार धरून सोमवारीच संपेल. हरकतदाराला कागदपत्रे पाहण्यासाठी कामकाजाचा एकच दिवस मिळेल.’

यात तीन गोष्टी आल्या: कुठे बदल, नेमके कोणते शब्द, आणि न बदलल्यास काय होईल. शिवाय एक पर्यायी मागणी द्या: ‘पंधरा दिवस शक्य नसल्यास मूळचे सात दिवस कायम ठेवून खंड ५ वगळण्यात यावा.’ पहिली मागणी फेटाळली तर हाती दुसरी असावी. एका पानावर दोनच खंड घ्या. बारा मुद्द्यांचे निवेदन दिले की उत्तर सर्वांत किरकोळ मुद्द्याला मिळते आणि फाईल बंद होते.

एक सावधगिरी. राज्याच्या तिजोरीवर नवा खर्च टाकणारी किंवा कर लावणारी सुधारणा सुचवू नका. अनुच्छेद २०७ प्रमाणे अशा गोष्टींना राज्यपालांची शिफारस लागते. ती साध्या सदस्याला मिळवता येत नाही, त्यामुळे चांगली सूचनाही पटलावर न येताच गळते. ‘नवे प्राधिकरण नेमा’ म्हणण्याऐवजी ‘विद्यमान समितीत दोन सदस्य वाढवा’ हे बरे.

सीताबर्डी_ते_सिव्हिल_लाईन्स

खंडवारजींनी मजकुराचे सांगितले, मी माणसांचे आणि वेळेचे सांगते.

कुणाला द्यायचे, तर तिघांना, पण तिघांकडून मागणी वेगवेगळी. विधेयक ज्या खात्याचे आहे त्या मंत्र्यांकडे शासकीय सुधारणा मागायची. पक्षादेश (व्हिप) लागू असतो, म्हणून सभागृहात मजकूर बदलतो तो बहुधा मंत्र्यांनी स्वतः सुधारणा आणली किंवा मान्य केली तरच. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांकडे सुधारणेची सूचना द्यायला सांगायचे. ती नामंजूर झाली तरी मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहाच्या नोंदीत, राहते. पुढे नियम तयार होताना ‘सभागृहात आपण असे सांगितले होते’ म्हणून ते दाखवता येते. तिसरा त्या खात्याचा उपसचिव किंवा कक्ष अधिकारी. मंत्र्यांसाठीची टिपणी तिथे तयार होते, म्हणून तुमचे एक पान त्या टेबलावर असायलाच हवे. मुख्यमंत्र्यांना प्रत जरूर द्या, पण फक्त तिथेच दिली तर ती फिरत फिरत त्याच कक्ष अधिकाऱ्याकडे येते, आणि तोवर विधेयक संमत झालेले असते.

विधानपरिषदेला विसरू नका, ताई-दादांनो. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, परिषदेत ७८. त्या ७८ पैकी ३० विधानसभा सदस्यांनी निवडलेले, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांचे, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. नागपूर विभागाला पदवीधर आणि शिक्षक असे दोन्ही मतदारसंघ आहेत. तुमच्या गटात पदवीधर मतदार म्हणून नोंदलेले किती आहेत ते मोजा. ‘आम्ही तुमचे मतदार’ हे वाक्य तिथेही चालते. दोन्ही सभागृहांत एकाच दिवसाचे अंतर राहू शकते. महाराष्ट्र विशेष जन सुरक्षा विधेयक विधानसभेत १० जुलै २०२५ रोजी संमत झाले आणि परिषदेत ११ जुलैला. परिषदेसाठीची प्रत आधीच छापून ठेवली नसेल तर एका रात्रीत काही होत नाही.

आता नागपूरचे. १९५३ च्या नागपूर करारामुळे आपल्याला वर्षातले एक अधिवेशन मिळते, पण दिवस मोजके. २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर होते, २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर. त्या आठवड्यात राज्यभरातले सदस्य सिव्हिल लाईन्सच्या आमदार निवासात, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात असतात आणि मंत्रालयातल्या विभागांचे अधिकारीही फायली घेऊन इथे येतात. गडचिरोलीचा आमदार असो की कोकणातला, आपल्याला रिक्षाने गाठता येतो. मुंबईकरांना हे दोन अधिवेशनांत मिळते, आपल्याला एकदाच, म्हणून हा आठवडा वाया घालवू नका.

भेट सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या सुमारास ठेवा. कामकाज सुरू झाले की सदस्य हाती लागत नाहीत आणि संध्याकाळी गर्दी फार. विधानभवनाच्या आवारात पासशिवाय प्रवेश नाही. पास सदस्यामार्फत निघतो, तो आदल्या दिवशीच मागा आणि ओळखपत्र मूळ ठेवा. तिघांपेक्षा जास्त जण जाऊ नका. एकाने बोलायचे, एकाने कागद द्यायचे, एकाने काय कबूल झाले ते लिहून घ्यायचे. पाच मिनिटांत संपवा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: ‘ही सुधारणा आपण देणार का, आणि कधी?’ ‘बघतो’ आणि ‘देतो’ यांतला फरक त्याच संध्याकाळी स्वीय सहायकांना फोन करून पक्का करा.

आणि अधिवेशनाची वाट पाहू नका. आपल्या आमदारांना नोव्हेंबरातच मतदारसंघातल्या कार्यालयात भेटा. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. विधेयक विचारात घेण्याची तारीख दिवसाच्या कामकाजाच्या क्रमात आली की सुधारणेची सूचना सचिवालयाकडे द्यायला वेळ उरत नाही.

टी_पॉइंट

मोर्चाबद्दल थोडे वेगळे मत. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला जातो, पुढे विधानभवनाकडे जाता येत नाही, म्हणून लोक म्हणतात काहून काढायचा? पण अडवलेल्या मोर्चाचे शिष्टमंडळ मंत्र्यांकडे नेले जाते आणि लहान गटाला खात्याच्या मंत्र्यांची भेट मिळायचा तो एक रस्ता आहे. चूक होते ती इथे, की शिष्टमंडळातली चार नावे ऐनवेळी ठरतात, भांडण होते, आणि आत जाणाऱ्यांच्या हाती घोषणांचा कागद असतो, सुधारणेचा नसतो.

शहर पोलिसांकडे परवानगीचा अर्ज वेळेत करा. त्यात मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तींची नावे आणि ध्वनिक्षेपकाचा उल्लेख हवा. डिसेंबरात एकाच दिवशी अनेक मोर्चे असतात, त्यामुळे वेळ त्यांनी दिलेली घ्यावी लागते. पंचवीस कुटुंबांचा वेगळा मोर्चा काढू नका. त्याच विषयावरच्या मोठ्या मोर्चात सामील व्हा, आणि शिष्टमंडळात एक जागा मिळेल का ते आधी बोलून घ्या. तुमच्यासारख्या गटाने भेटींवर जोर द्यावा, यात ताईंशी पूर्ण सहमत.

सह्यांचे म्हणाल तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर विधेयकाचा क्रमांक आणि मागणीची पूर्ण ओळ हवी. फक्त पहिल्या पानावर मजकूर आणि मागे कोऱ्या माथ्याची पाने असतील, तर त्या सह्या कशासाठी आहेत हे सिद्ध होत नाही. नाव, वस्ती, विधानसभा मतदारसंघ आणि सही एवढे पुरे. आधार क्रमांक घेऊ नका, त्याची गरज नाही आणि तो कागद किती हातांत जाईल हे आपल्या ताब्यात नाही. नागपूर शहरात सहा मतदारसंघ आहेत: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. चारशे सह्या मतदारसंघवार लावा. दक्षिण-पश्चिमच्या आमदारांसमोर त्यांच्याच मतदारांच्या दोनशे सह्या ठेवल्या तर त्यांचे वजन सरसकट चारशेपेक्षा जास्त पडते.

त्रिमूर्तीनगर_रहिवासी

खूप उपयोगी पडले, सर्वांचे आभार. सह्यांची पाने उद्याच बदलतो. दोन शंका राहिल्या. विधेयक समितीकडे गेले तर आमच्यासारख्यांना बोलता येते का? आणि सगळे करूनही ते जसेच्या तसे संमत झाले, तर मग रस्ता संपला का?

खंडवार

समितीकडे गेले तर ते तुमच्यासाठी सर्वांत चांगले. विधेयक विचारात घेण्याच्या प्रस्तावावेळी ते प्रवर समितीकडे (एकाच सभागृहाच्या सदस्यांची समिती), दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे किंवा लोकमत आजमावण्यासाठी पाठवावे असा प्रस्ताव येऊ शकतो. म्हणून आमदारांकडे तिसरी मागणी म्हणून ही ठेवाच: सुधारणा मान्य होत नसेल तर संयुक्त समितीकडे पाठवा.

मघाशी उल्लेख आलेले जन सुरक्षा विधेयक यासाठी अभ्यासण्यासारखे आहे, तुम्ही त्याच्या बाजूचे असा की विरोधातले. ते आधी जुलै २०२४ मध्ये आले. विधानसभेची मुदत संपल्यावर ते व्यपगत झाले, कारण विधानसभेपुढे प्रलंबित असलेले विधेयक विसर्जनाबरोबर संपते, हे अनुच्छेद १९६ मध्येच आहे. नुसत्या सत्रसमाप्तीने मात्र संपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ते नव्याने पुरःस्थापित होऊन संयुक्त समितीकडे गेले. चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते. नागरिकांना सूचनांसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत मुदत मिळाली आणि बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने केलेले ठळक बदल तीन. दीर्घ नाव आणि उद्देशिका यांतला रोख ‘कडव्या डाव्या’ किंवा तत्सम संघटनांवर आणला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा पोलीस उपअधीक्षक असा वाढवला. तिन्ही बदल नेमक्या शब्दांचे, रचनेचे आणि दर्जाचे आहेत. ‘विधेयक मागे घ्या’ ही मागणी मोठ्या प्रमाणावर होती, ती मान्य झाली नाही. विरोध करणे चूक असे मी म्हणत नाही. पण त्याच कागदावर खंडवार पर्यायही असू द्या.

समितीची जाहिरात आली की मुदत पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. सूचना जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवरच पाठवा. विधानमंडळ सचिवालयाचा टपालाचा पत्ता विधान भवन, मुंबई ४०० ०३२ असा आहे. नागपूरहून टपालाने पाठवणार असाल तर मुदतीआधी आठ दिवस स्पीड पोस्ट करा. शेवटच्या दिवशी टाकलेले टपाल मुदतीनंतर पोहोचते आणि बाजूला पडते. मराठीत लिहायला अजिबात संकोच नको, गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतो. शेवटी ‘समितीसमोर प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’ ही ओळ घाला. न मागता कुणी बोलावत नाही. पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवा.

सीताबर्डी_ते_सिव्हिल_लाईन्स

दुसऱ्या शंकेचे मी सांगते. संमत झाल्यावर विधेयक राज्यपालांकडे जाते. अनुच्छेद २०० प्रमाणे ते संमती देऊ शकतात, धन विधेयक (फक्त कर आणि खर्चाविषयीचे) नसेल तर संदेशासह परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. राज्यपालांना लिहायचे तर चांगले-वाईट सांगण्यात पान घालवू नका. विधेयक संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदाशी किंवा कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगत आहे, तेवढेच लिहा.

केंद्रीय कायद्याला छेद जात असेल तर वेळ किती जाऊ शकतो ते महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीच्या शक्ती विधेयकात दिसते. ते संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाले आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तोवर ती संमती आलेली नव्हती. ज्या भारतीय दंड संहितेत ते बदल करणार होते, तीच जागेवर राहिली नाही. तुमचा गट विधेयकाच्या बाजूने असेल तेव्हाही ही तपासणी करा.

कायदा झाला की नियम येतात, आणि माझ्या मते लहान गटाला सर्वांत जास्त वाव इथे आहे. ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ नियम करावेत असे कायद्यात असेल, तर मसुदा राजपत्रात टाकून हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. तेव्हा मोर्चे नसतात, कॅमेरे नसतात, हरकतीही थोड्या येतात, त्यामुळे तुमचे पान खरोखर वाचले जाते. खंडवारजींनी सांगितलेले ‘विहित’ शब्द आत्ताच अधोरेखित करून ठेवा, त्यातल्या प्रत्येकावर उद्या एक नियम येणार आहे. नोटीस कुठे लावायची, अर्जाचा नमुना कोणता, शुल्क किती, सुनावणी किती दिवसांत, हे सारे तिथे ठरते. एका व्यक्तीने दर आठवड्याला राजपत्र पाहायचे असे गटात ठरवून टाका.

मसुदा_वाचक

एकच भर. माहिती अधिकारात मंत्रिमंडळाची टिपणी आधी मिळत नाही. २००५ च्या अधिनियमाचे कलम ८(१)(झ) आडवे येते. पण त्याच कलमाच्या परंतुकात (‘परंतु’ म्हणून जोडलेल्या भागात), निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर, निर्णय, त्याची कारणे आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती जाहीर करावी असे आहे. कलम ४(१)(ग) प्रमाणे महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हेही प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करताना ‘विधेयकाची सर्व फाईल द्या’ असे लिहू नका. ‘खंड अमुक मधील मुदत कमी करण्यासाठी विचारात घेतलेले अहवाल व आकडेवारी’ असे मागा. तीस दिवसांत ‘अशी आकडेवारी उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर ते कागदावरच तुमच्या सुधारणेचे कारण ठरते. अधिवेशन डिसेंबरात असेल तर अर्ज ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत टाका.